पेन-अ-वॅनचा गोल फेरा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, खिंडी मोजत मोजत

दर मे महिन्यात नुकतंच कार्डिफला नाहीतर ब्रिस्टलला नोकरीला आलेलं कुणीतरी मला विचारतं की तो वेल्समधला डोंगर करायचाय, किती वेळ लागतो, आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "तसं आम्ही राजगड-तोरणा केलंय." केलं असेल, मीही केलंय, आणि पेन-अ-वॅनची उंची फक्त ८८६ मीटर आहे हे कळल्यावर मलाही हसू आलं होतं, कारण आपलं कळसूबाई १६४६. त्या हसण्याची फेड पहिल्याच फेरीत झाली, तो किस्सा पुढे सांगते. आधी मुद्द्याचं सांगते, इथे उंचीला फार भाव देऊ नका, शिखरं किती झाली तेही मोजत बसू नका, खिंडी मोजा. सगळा बेत खिंडींवर बसवा. का ते वाचता वाचता कळेल.

कुठला फेरा म्हणतेय ते सांगते. साउथ वेल्समध्ये ब्रेकन बीकन्स म्हणून नॅशनल पार्क आहे, १९५७ पासूनचं, आणि २०२३ च्या एप्रिलपासून ते स्वतःचं वेल्श नावच वापरतात, बनाइ ब्रखैन्योग. त्याच्या मधोमध घोड्याच्या नालेसारखी एक धार आहे. नालेच्या पोटात नेयादची खोरी, तिथे जुनी दगडी धरणाची भिंत, आणि वर एका रांगेत कॉर्न डी ८७३ मीटर, पेन-अ-वॅन ८८६, क्रिबिन ७९५. दक्षिणेकडून मर्थर टिडफिल, पाँटस्टिकिल करत टॅव वेखनच्या जंगलातल्या पार्किंगला गाडी लावायची, डाव्या म्हणजे पश्चिमेच्या धारेवर चढायचं, धारेवरून तिन्ही डोकी करायची आणि उजवीकडच्या खिंडीतून खाली गाडीपाशी. गाडी नेमकी कुठल्या पार्किंगला लावता त्यावर १४ ते १६ किलोमीटर.

बहुतेक लोक पलीकडून, ए४७० रस्त्यावरच्या पाँट आर डॅववरून सरळ वर जातात आणि सरळ खाली येतात. तो रस्ता इतका रुंद आणि गजबजलेला असतो की रविवारी सिंहगडाची आठवण येते, फक्त वर पिठलं-भाकरी नाही. पहिल्यांदा तोच करा असं कुणी सांगितलं तर चूक नाही, पण मला स्वतःला गेलेल्या वाटेनेच परत येणं म्हणजे अर्धा डोंगर पाहिल्यासारखं वाटतं. आणि राजगड-तोरण्याला जी कटकट असते, की एका टोकाला उतरलात आणि गाडी दुसऱ्या टोकाला, ती गोल फेऱ्यात नसते. अर्थात एक अट आहे, चुकून बाहेरच्या बाजूला उतरायचं नाही. ती अट आम्ही मोडली होती.

नावं आधी शिका, हसू नका

गंमत म्हणून सांगत नाहीये, नावं कळली की अर्धा नकाशा कळतो. पाटीवर एक एफ दिसलं की 'व' म्हणायचं, दोन एफ असतील तरच 'फ'. दोन डी म्हणजे दातांमधून हलका 'द'. डब्ल्यू बहुतेक वेळा 'उ' किंवा 'ऊ'. सीएच म्हणजे घसा खरवडून 'ख', आणि हा आपल्याला इथल्या इंग्रजांपेक्षा बरा जमतो. दोन एल एकत्र आले की जीभ 'ल' ला ठेवायची आणि नुसती हवा सोडायची, तो काही मला अजून जमलेला नाही.

आता शब्द. पेन म्हणजे डोकं, माथा. वॅन म्हणजे शिखर. क्राइग म्हणजे कडा, नावात कधी ग्राइग होतो. कूम म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. ह्लिन म्हणजे तळं, नांट म्हणजे ओढा. डी म्हणजे काळा, म्हणजे कॉर्न डी हे काळं शिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द बुल्ख, म्हणजे आपली खिंड. आमच्या वाटेवर बुल्ख डुविंट लागते, त्याचा अर्थ काळ्या वाऱ्याची खिंड. नाव ठेवणाऱ्याने तिथे उभं राहूनच ठेवलंय यात मला शंका नाही, कारण जूनमध्येसुद्धा तिथे कान झाकावे लागतात.

रस्त्यावर 'आराव' असं रंगवलेलं दिसेल, म्हणजे हळू. ते मनावर घ्या, कारण सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतली नेहमीची वेगमर्यादा ताशी २० मैल आहे आणि इंग्लंडमधून येणारे तिथेच फाइन खातात. ब्रिस्टलकरांना एक चांगली बातमी जुनीच, सेव्हर्नच्या पुलाचा टोल २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला.

नकाशा: किचन टेबलावरची एक संध्याकाळ

हे काम आदल्या रात्री बॅग भरता भरता उरकायचं नाही. एक वेगळी संध्याकाळ काढा. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर ओएल१२ घ्या, पिंगट-केशरी कव्हरवाला, स्केल १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर, आणि त्यावरचा प्रत्येक निळसर चौकोन बरोबर १ किलोमीटरचा. कागदी नकाशासोबत फोनवर उतरवायचा कोडही मिळतो. दोन्ही ठेवा. नुसता फोन नको, थंडीत बॅटरी अशी उतरते की ४० टक्क्यांवरून सरळ फोन बंद, आणि ओल्या बोटांनी स्क्रीन हलत नाही.

आता नकाशात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, हिरवी तुटक रेघ आणि काळी तुटक रेघ यातला फरक. नवीन माणूस हमखास इथे फसतो. हिरवी रेघ म्हणजे त्या ओळीवरून चालायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, तिथे जमिनीवर खरोखर पायवाट असेलच असं नाही. काळी बारीक तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते, हक्काचं माहीत नाही. पण डोंगरावरचा बराचसा भाग फिकट पिवळ्या रंगात आहे, ती मोकळी जमीन, २००० च्या कायद्याने तिथे पायी कुठेही फिरता येतं. म्हणून वर गेल्यावर काळ्या रेघा पकडा, खाली शेतांमधून जाताना हिरव्या.

दुसरी, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. सह्याद्रीत आपण कधी बघत नाही, कारण गावातला मामा हात करून सांगतो, "त्या सोंडेनं जा, मग उजव्या अंगाला आडवं मारा." इथे मामा नाही. मेंढ्या आहेत, त्या काही सांगत नाहीत. रेघा जितक्या जवळ तितका चढ उभा. बोट ठेवून बघा, आमच्या फेऱ्यात दक्षिणेला रेघा सैल आणि उत्तरेला इतक्या दाट की काळपट पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे उत्तरेचे कडे, हिमयुगात बर्फाने कोरून काढलेले, लाल वाळूखडकाचे थर एकावर एक रचल्यासारखे. धार चालताना ते कडे तुमच्यापासून दहा पावलांवर असतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. आणि सेल्फी काढताना मागे सरकू नका, हे मी आईसारखं सांगतेय.

तिसरी, खिंडी. पेन्सिलने चारही खिंडींना गोल करा. एक, कॉर्न डीच्या आधीची बुल्ख डुविंट. दोन, कॉर्न डी आणि पेन-अ-वॅनमधली छोटी खोगीर. तीन, पेन-अ-वॅन आणि क्रिबिनमधली खोल खिंड. चार, क्रिबिनच्या पलीकडची बुल्ख आर अ वॅन, ५९९ मीटर, जिथून जुना दगडी रस्ता खाली नेयादकडे उतरतो. लोक त्याला रोमन रस्ता म्हणतात, खरंच रोमन आहे का यावर वाद आहे, गुडघ्यांसाठी तो रोमन असो की मोगल सारखाच.

खिंडीच का, तर शिखरावर काही ठरवता येत नाही. कॉर्न डी आणि पेन-अ-वॅनची डोकी टेबलासारखी सपाट आहेत. धुकं आलं की चारी बाजू सारख्या दिसतात, वारा बोलू देत नाही, आणि शिखरावर पोचल्याच्या आनंदात माणूस पुढेच जायचं म्हणतो. खिंडीत मात्र जमीन स्वतःच सांगते, इकडे चढ, तिकडे चढ, मध्ये आपण. शिवाय वाटा फुटतात त्या खिंडीत. म्हणून घड्याळ बघायचं ते खिंडीत, खायचं ते खिंडीत, भांडायचंही खिंडीत.

वेळेचं गणित

१८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशोब सांगितला, तो अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आता चढाई कशी काढायची ते बघा, कारण नवीन लोक फक्त पार्किंगची उंची शिखरातून वजा करतात. वरच्या पार्किंगपासून, म्हणजे साधारण ४३० मीटरपासून, कॉर्न डीपर्यंत ४४३. मग थोडं उतरून पेन-अ-वॅनला पुन्हा ५० च्या आसपास. मग क्रिबिनच्या आधीच्या खिंडीत तब्बल २२० मीटर खाली यायचं आणि क्रिबिनला पुन्हा जवळजवळ १३० वर. झाले सव्वासहाशे, धारेवरचे बारीक चढ-उतार धरून साडेसहाशे धरा. १५ किलोमीटरचे तीन तास, चढाईचा तासभर, म्हणजे चार.

चार तासांत काही होत नाही. नेस्मिथसाहेब फिट होते, त्यांच्यासोबत दर अर्ध्या तासाला बूट सोडून मोजा नीट करणारा मित्र नव्हता. पहिल्यांदा जाताय तर दीडपट करा, सहा तास, त्यात खाणंपिणं आलं. आणि मग अंधाराच्या दोन तास आधी गाडीपाशी पोचायचं असं धरून उलटं मोजा. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, कशाचीच घाई नाही. डिसेंबरात चारला सूर्य गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्या वीकेंडला नेमकं गडबडतं, सगळे एक तास जास्त झोपतात आणि संध्याकाळ एक तास आधी येते.

नवीन असाल तर मे ते सप्टेंबर. बर्फातला वेल्स सुंदर दिसतो मान्य, पण उत्तरेच्या कड्यांवर बर्फाचे सज्जे तयार होतात, खाली हवा असते आणि वरून जमीन वाटते. त्याला आइस अ‍ॅक्स आणि ती चालवायचं शिक्षण लागतं, यूट्यूबवर होत नाही ते.

हवामान

फोनमधलं नेहमीचं अ‍ॅप मर्थर टिडफिलचा अंदाज दाखवतं, डोंगरमाथ्याचा नाही. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस, सगळे एमविस म्हणतात, त्यांचा अंदाज बघा, मेट ऑफिस म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचाही डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो. त्यात पाऊस शेवटी बघायचा. पहिला बघायचा वारा. वर ताशी ३५-४० मैलांचे झोत सांगितले असतील तर नवीन माणसाने ही धार त्या दिवशी करू नये, विषय संपला, खाली जंगलात फिरा. दुसरं बघायचं ढगांची उंची. ७०० मीटरला ढग म्हणजे तिन्ही डोकी ढगात. तिसरं तापमान, आणि त्यात दर १०० मीटरला अर्धा-पाऊण डिग्री कमी होतं, शिवाय वारा. पार्किंगला टीशर्टवर असाल, दीड तासाने दात वाजतात.

उलटही होतं बरं का. जुलै २०१३ मध्ये याच डोंगरांवर लष्कराच्या निवड चाचणीत कडक उन्हाने तीन राखीव सैनिक दगावले. तयारीची माणसं होती ती. धारेवर एक झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. उन्हाचा दिवस असेल तर माणशी दोन लिटर तरी न्याच, आणि आपण भारतातून आलोय आपल्याला ऊन काय करणार हा माज घरी ठेवा.

अंगावर आणि बॅगेत

जीन्स नको. भिजली की वाळत नाही, पायाला चिकटून गारठवते. छत्री नको, पहिल्याच खिंडीत तिचा झाडू होतो. तो पावसाळ्यात लोहगडावर घालतो तो पाँचोही नको, वाऱ्यात तो पतंग होतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. शिवणींवर पट्टी मारलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, वॉटरप्रूफ पँट, आत फ्लीस, टोपी, हातमोजे, हो, जुलैमध्येसुद्धा. घोट्याला धरणारे बूट, आणि ते आधी दोन-तीन वेळा पार्कात चालवून मऊ केलेले. मोज्यांची एक जास्तीची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी, गटात मिळून एक नाही. शिट्टी. कंपास. सध्या ब्रिटनमध्ये नकाशाची उत्तर आणि कंपासची उत्तर यात फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे शिकायला याहून सोपे दिवस नाहीत.

खायला सँडविच नेलं तर नेलं, पण मी मेथीचे ठेपले, नाहीतर तुपातली पोळी गूळ लावून गुंडाळलेली, आणि शेंगदाण्याची चिक्की. थंडीत चिक्की दगड होते, ती खिशात अंगाजवळ ठेवायची. थर्मासमध्ये आल्याचा चहा. वर कुठे टपरी नाही, लिंबूसरबतवाली मावशी नाही, ही गोष्ट दरवेळी सांगावी लागते आणि दरवेळी कुणीतरी अर्धा लिटरची एकच बाटली घेऊन येतं. नेयादच्या बाजूला टॉयलेटच्या भरवशावरही राहू नका, येताना मर्थरला उरकून या.

आता प्रत्यक्ष वाट

नऊच्या आत पार्किंगला पोचा, उन्हाळ्यातल्या वीकेंडला आठच्या आत. रस्त्याच्या कडेला दाबून लावू नका, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि रेस्क्यूच्या गाड्या अडतात. तिथे फोनला रेंज नसते असं धरूनच चाला, म्हणून घरी कुणाला तरी आधीच सांगून ठेवायचं: कुठून चढणार, कुठल्या बाजूने, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

खालच्या धरणाजवळून ओढा ओलांडायचा आणि समोरच्या पश्चिमेच्या उतारावर सरळ चढायचं. हा चढ दिवसातला सगळ्यात नावडता. वळसे नाहीत, काही नाही, गवत, चिखल, दगड आणि छाती. पाऊण-एक तास. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, दम लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. वर ग्राइग वॅन दीच्या काठावर आलात की अचानक सगळं सपाट, डावीकडे मोकळं माळ, उजवीकडे खाली नेयादची खोरी, आणि समोर तीन डोकी ओळीने. इथे पहिल्यांदा वळून मागे बघा, गाडीच्या दिशेने. कुठून आलात ते डोळ्यांत भरून घ्या, कारण परत फिरायची वेळ आली तर हीच उतरायची जागा शोधायचीय.

पुढे काठाकाठाने उत्तरेला. एका टप्प्याचं नाव र्‍हिउ अर अस्गवार्नोग, सशाचा चढ. ससा मला अजून दिसला नाही, चंडोल मात्र डोक्यावर सतत. मार्च ते जुलै कुत्र्याला पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे ते या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांमुळेच, आणि मेंढ्यांजवळ तर वर्षभर लावायचा.

बुल्ख डुविंट. पहिली खिंड. थांबा, जॅकेट घाला, खा, घड्याळ बघा. तुम्ही ठरवलेल्या वेळेपेक्षा तासभर मागे असाल, किंवा कॉर्न डीचं डोकं दिसत नसेल आणि गटात नकाशा वाचणारं कुणी नसेल, तर इथूनच आल्या वाटेने मागे. इथे ए४७० कडून येणारा मोठा रस्ता मिळतो आणि माणसांची रांग दिसते, त्यांच्यामागे पश्चिमेला उतरायचा मोह होतो, कारण तो रस्ता छान आहे. उतरू नका. गाडी त्या बाजूला नाही.

कॉर्न डी म्हणजे शेवटचा दगडी जिना चढून एक पटांगण. इथला आणि पेन-अ-वॅनवरचा दगडांचा ढीग कांस्ययुगातला आहे, माणसांना पुरलेली जागा, त्यामुळे त्यातले दगड उचलून आपलं छोटं देऊळ बांधू नका. आणि इथेच आमचा किस्सा.

ऑक्टोबर, आम्ही चौघं. कॉर्न डीवर ढग. आम्ही दगडांच्या आडोशाला बसून चहा प्यायलो, दहा मिनिटं, एकमेकांकडे तोंडं करून, आणि उठलो तेव्हा ज्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच चालायला लागलो. पायवाट मिळाली, छान घडवलेली, खाली उतरणारी. पेन-अ-वॅनला जायला आधी थोडं उतरावंच लागतं हे माहीत होतं, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. उतरतोय, उतरतोय. वीस मिनिटांनी ढगातून एक दगडी खांब समोर आला, कमरेहून उंच, टोकदार, ओला. जवळ जाऊन अक्षरं वाचली. टॉमी जोन्स, वय ५, खाणकामगाराचा मुलगा, १९०० च्या ऑगस्टमध्ये रात्री खालच्या कूम ह्लूखच्या शेतघराच्या अर्ध्या वाटेवरून मागे फिरला आणि वाट चुकला आणि २९ दिवसांच्या शोधानंतर इथे सापडला. चौघंही गप्प. मग माझ्या नवऱ्याने नकाशा काढला, त्यावर ऑबेलिस्क असं लिहिलेलंच होतं, कॉर्न डीच्या वायव्येला, म्हणजे आम्ही जायला हवं होतं त्याच्या जवळजवळ उलट. पाच वर्षांच्या पोराने आम्हाला सांगितलं तुम्ही कुठे आहात ते.

शहाणपणा असता तर तिथून परत वर चढलो असतो. आम्ही थकलो होतो, तसेच ए४७० ला उतरलो. गाडी डोंगराच्या पलीकडे. बस मर्थरपर्यंत, पुढे टॅक्सी, आणि टॅक्सीवाल्याने जंगलातल्या पार्किंगचा पत्ता ऐकून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगत नाही.

तेव्हापासूनचा नियम असा: शिखरावर बसायच्या आधी काठी किंवा बॅग पुढच्या दिशेला टोक करून ठेवायची. आणि उठल्यावर कंपास. कॉर्न डीवरून पेन-अ-वॅन पूर्वेला आहे, किंचित उत्तरेकडे झुकलेलं. उतार पाच-सात मिनिटांत संपून खोगीर यायला हवी आणि लगेच चढ. दहा मिनिटं झाली आणि अजून उतरताय, तर चुकलात. चढून परत या.

पेन-अ-वॅनवर फोटोची रांग लागते. खरंच रांग असते, बोर्डपाशी, इंग्रज पद्धतीने शिस्तीत. फोटो काढा, पण बोर्डाच्या मागे दोन पावलांवर उत्तरेचा कडा आहे. स्वच्छ दिवशी ब्रेकन गाव पायाशी दिसतं. पुढची वाट आग्नेयेला उतरते, सुरुवात उभी आणि दगडी, इथे पावसात घसरतं, गुडघे वाकवून, पाऊल आडवं टाकत. माझ्या मते अख्ख्या फेऱ्यात सावध राहायची जागा हीच, कारण शिखर झालेलं असतं आणि मन गाडीत जाऊन बसलेलं असतं.

खाली तिसरी खिंड. समोर क्रिबिन असं उभं दिसतं की कुणीतरी म्हणतंच, "हे पण?" तर, हे पण नाही केलं तरी चालतं. क्रिबिनच्या दक्षिण अंगाने एक आडवी वाट डोकं टाळून थेट बुल्ख आर अ वॅनला जाते. पाय गेले असतील, वारा वाढला असेल, उशीर झाला असेल, खुशाल ती घ्या. मात्र या खिंडीतून खाली धरण दिसतंय म्हणून सरळ नाकासमोर नेयादच्या खोऱ्यात उतरू नका, खाली दलदल आहे आणि गवताचे गठ्ठे, अर्धा किलोमीटरला अर्धा तास. पाय असतील तर क्रिबिन कराच, चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, गर्दी सगळी मागे राहिलेली असते, आणि तिथून मागे वळून पेन-अ-वॅनचा उत्तरेचा कडा जसा दिसतो तसा पेन-अ-वॅनवर उभं राहून कधीच दिसत नाही.

चौथी खिंड, बुल्ख आर अ वॅन. समोर वॅन अ बिग, तिथला डायव्हिंग बोर्डसारखा बाहेर आलेला खडक इन्स्टावर सगळ्यांनी बघितलेला असतो. पहिल्या फेरीत सोडून द्या. इथून दक्षिणेला दगडी रस्ता पकडायचा, तो धुक्यातही चुकत नाही, आणि म्हणूनच हा फेरा मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करायला सांगते: उभा चढ सकाळी ताज्या पायांनी, आणि संध्याकाळी, अंधार पडला तरी, न चुकणारा रस्ता. तासभर चालाल. दगड गोटे आहेत, कंटाळा येतो, गाणी म्हणा.

काही झालंच तर

९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. सरळ अँब्युलन्स मागितली तर वेळ जातो. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा अक्षर-आकड्यांतला पत्ता, सांगता यायला हवा. पेन-अ-वॅनचा एसओ ०१२ २१५, यातले पहिले तीन आकडे नकाशावर डावीकडून उजवीकडे, नंतरचे तीन खालून वर. घरी दोन-चार जागांचे काढून बघा, सवय होते. रेंज अगदी कमी असेल तर कॉल लागत नाही पण एसएमएस जातो, त्यासाठी आजच घरी बसून ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' असा मेसेज पाठवून नोंदणी करून टाका, दोन मिनिटांचं काम. फोनच नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. रेस्क्यूची माणसं स्वयंसेवक आहेत, नोकरीधंदा सोडून येतात, पैसे घेत नाहीत, म्हणून उशीर झाल्याचा संकोच वाटून अंधारात धडपडत बसू नका, पण नुसते पाय दुखतात म्हणूनही बोलवू नका.

पुण्याहून आईबाबा आलेले असतील आणि त्यांना चढायचं नसेल तर पँट नावाच्या स्टेशनवरून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी पाँटस्टिकिलच्या पाण्याच्या कडेने जाते, ब्रेकन माउंटन रेल्वे. रोज नसते, वेळापत्रक बघा. माझे सासरे ती दोनदा फिरले, डोंगराकडे एकदाही बघितलं नाही, इंजिनच बघत होते.

गाडीपाशी आल्यावर आधी ओले मोजे काढा, मग बूट पिशवीत, मग उरलेला चहा. घरी फोन करायचा राहिलाय हे लक्षात ठेवा. रेंज पाँटस्टिकिल ओलांडल्यावर कुठेतरी येते, तिथे गाडी बाजूला घेऊन "उतरलो, चौघंही" एवढा मेसेज टाका आणि मग पुढे निघा.